थंडीचे चेंडू

मी आयुष्यात कधी गोल्फ खेळलो नाही. गोल्फची काठी हातात धरली असेल ती फक्त भिंतीला टेकवलेली पडू नये म्हणून. तरीही थंडीच्या दिवसांत सकाळी कोणता चेंडू घ्यावा हे मला कळतं. परवा शेजारच्या देशपांड्यांचे जावई चेंडूंचा नवा खोका घेऊन आले होते आणि त्यावर छापलेले कडकपणाचे आकडे मला समजावून सांगत होते. मी एक चेंडू उचलला, अंगठा आणि पहिली दोन बोटं यांत धरून दाबला आणि म्हणालो, हा डिसेंबरात वापरू नका, हाताला झिणझिण्या येतील. ते हसले. हल्ली हे सगळं यंत्रावर ठरतं म्हणाले. बरोबरच असेल. मी चेंडू खोक्यात परत ठेवला.

हे मला परबमामांनी शिकवलं. शिकवायची त्यांना हौस नव्हती, तशी वेळ आली म्हणून शिकवलं.

चेंबूरच्या पुढे, ट्रॉम्ब्याच्या वाटेवर, एका क्लबाचं गोल्फचं मैदान होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. माहुलच्या बाजूला तेलाचे कारखाने उभे राहत होते आणि तिथले साहेब लोक सकाळी कामावर जाण्याआधी खेळायला यायचे. मी क्लबाच्या कचेरीत कारकून होतो. कोण किती वाजता खेळायला सुटणार याची यादी करणं हे माझं काम. घाटकोपरहून सायकल मारत पहाटे निघायचो आणि पोचेपर्यंत कानाच्या पाळ्या बधिर झालेल्या असायच्या. आजच्या मुंबईकराला सांगून पटणार नाही, पण तेव्हा त्या बाजूला शेतं होती, दलदल होती आणि पौषात तोंडातून वाफ निघेल इतकी थंडी पडायची.

माझ्या खोलीला लागूनच व्हरांड्यात परबमामांची जागा. एक लाकडी बाक, एक शहाबादी फरशी आणि बिस्किटांचे तीन मोठे डबे. एका डब्यात कडक चेंडू, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात मऊ. डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं, कारण परबमामांना लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्या कुणी त्या डब्यांना हात लावायचा नव्हता.

बाहेरून येणारा माल त्या काळात फार कमी झाला होता. नवे चेंडू मिळायची मारामार. त्यामुळे जुनेच चेंडू पुन्हापुन्हा वापरायचे. तळ्यातून, झुडपांतून काढून आणायचे, धुवायचे, पांढरा रंग द्यायचा आणि सुकवायचे. एकदा रंग दिला की चेंडूवर छापलेलं सगळं बुजलं. कडक कुठला, मऊ कुठला, सगळे सारखेच गोरेगोमटे. मग ते ओळखायचे कसे, तर परबमामांच्या बोटांनी. ते चेंडू घेत, दाबत, बोटांत अर्धा फिरवून पुन्हा दाबत आणि न बघता डब्यात टाकत. मी एकदा उगीच परीक्षा घेतली होती. मऊ डब्यातला एक चेंडू कडक डब्यात सरकवला. दुपारी तो माझ्या टेबलावर दौतीशेजारी ठेवलेला सापडला.

त्यांची बोटं तयार झाली होती ती गिरणीत. ते वाइंडिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. बॉबिनवर सूत किती ताणून गुंडाळलंय हे दाबून सांगायचं, हे त्यांचं तिथलं काम. सैल असेल तर पुढे गुंता होणार, फार ताठ असेल तर तुटणार. लढाई संपल्यावर खात्यातली माणसं कमी केली, त्यात ते गेले आणि फिरत फिरत क्लबात माळ्याच्या हाताखाली लागले. एक दिवस फाटलेला चेंडू त्यांच्या हाती आला. त्यांनी तो चाकूनं कापला. आत रबराचा बारीक दोरा, लिंबाएवढ्या चेंडूत वाडीभर पुरेल इतका, ताणून ताणून गुंडाळलेला. हा प्रसंग त्यांनी मला चार-पाचदा तरी सांगितला आणि दर वेळी तितकेच खूष झाले. साहेबांचा एवढा मोठा खेळ, म्हणायचे, आणि आत आमचीच बॉबिन.

मालवणकडचा माणूस, बोलणं कमी आणि जे असेल ते तिरकं. अंगानं काटकुळे, मिशा मात्र भारदस्त. चहा बशीतच प्यायचे, कपाला त्यांचा आक्षेप होता. मला भाऊ म्हणत आणि अहोजाहो करत, माझं वय तेव्हा चोवीस असूनही. कचेरीतला माणूस म्हणून मान, दुसरं काय. कामाच्या बाबतीत मात्र माझी काडीची किंमत करत नसत.

थंडीत त्यांचं काम दुप्पट व्हायचं. थंडीनं रबर आखडतं आणि चेंडू दगड होतो. उन्हाळ्यात जो मध्यम, तो पौषातल्या सकाळी कडक. म्हणून दिवाळी झाली की सगळे डबे रिकामे करून ते पुन्हा नव्यानं निवड करत. सकाळी सातच्या आत खेळणाऱ्याला मऊ, ऊन चढल्यावर मध्यम, कडक दुपारनंतर. शिवाय कुणाचा फटका कसा तेही बघायचं. मऊ चेंडूचं कातडं नाजूक. ज्याचा फटका वरच्या वर बसतो त्याच्या हाती तो दिला की पहिल्याच टोल्याला फाटणार. सगळे साहेब कसे मारतात हे परबमामांना पाठ होतं, आणि त्यातल्या निम्म्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

आणखी एक त्यांची पद्धत होती. सकाळी लागणारे चेंडू ते आदल्या संध्याकाळी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात, कोरड्या वाळूत पुरून ठेवत आणि डबा कॅन्टीनच्या शेगडीपासून हातभर लांब ठेवत. सकाळी वाळू अंगाइतकी कोमट हवी. त्याहून गार नको, त्याहून गरम तर नकोच, आतला दोरा सैल पडतो. निखाऱ्यावर पाच मिनिटं धरले तर नाही का चालणार, असं मी विचारलं होतं. "माणसाचा नि चेंडवाचा सारख्याच भाऊ," ते म्हणाले. "कातडी लगेच तापता. आतला तापाक येळ लागता."

तेलाच्या कारखान्यात बार्टन नावाचा एक धिप्पाड इंजिनियर साहेब नवा आला होता. त्याच्या देशात म्हणे बर्फात खेळतात. परबमामांनी पुढे केलेला मऊ चेंडू त्यानं परत केला, ही कसली थंडी म्हणून हसला आणि स्वतःच्या पिशवीतला कडक चेंडू घेऊन गेला. परबमामा बाकावर बसून राहिले आणि एक मऊ चेंडू त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात टाकला. मी विचारलं, कशाला? म्हणाले, साहेब सातव्या भोकापर्यंत जाईल. सातवं भोक व्हरांड्याच्या समोरच होतं. तासाभरानं बार्टनसाहेब तिथून हात झटकत व्हरांड्याकडे येताना दिसला. परबमामांनी खिशातला चेंडू काढून त्याला दिला. साहेबानं तो मुठीत धरला, ऊब लागली तसा गालातल्या गालात हसला आणि निमूट परत गेला. त्या दिवसापासून बार्टनसाहेब परबमामांनी हातात दिल्याशिवाय चेंडू घेत नसे, आणि साहेबाचं पाहून बाकीचेही.

हे सगळं मी मजेत लिहितो आहे खरं. आता पुढचं लिहायचं आहे.

त्यानंतरच्या वर्षी दिवाळीच्या निवडीला परबमामांना फार दिवस लागले. दर वर्षी चार दिवसांत उरकायचं ते काम महिना झाला तरी संपेना. ते चेंडू दाबत, मग डाव्या हातात घेऊन दाबत, मग फरशीवर आपटून आवाज ऐकत. वाळूची ऊब हातानं बघण्याऐवजी वाळूतला चेंडू काढून गालाला लावत. मला वाटलं, वय झालं, नवे नवे सोपस्कार सुचतायत. मी थट्टाही केली. चेंडूचे लाड चाललेत का, म्हटलं. ते हसले नाहीत.

डिसेंबरात तक्रारी यायला लागल्या. सकाळच्या खेळाडूंना मऊ म्हणून दिलेले चेंडू कडक निघत होते. परबमामा म्हणाले, यंदाचा रंग जाड आहे. ते मलाही पटलं.

जानेवारीत थंडीची स्पर्धा असायची. तिच्या आठवडाभर आधीची सकाळ. कॅन्टीनच्या अण्णानं दुधाचं पातेलं ठेवायला जागा हवी म्हणून वाळूचा डबा सरकवला आणि तो अर्धा निखाऱ्यांवर गेला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी चहा घ्यायला म्हणून कॅन्टीनमध्ये गेलो तेव्हा परबमामा डब्याजवळ उकिडवे बसून वाळूतून चेंडू काढत होते. एक काढला, दाबला, मान हलवली, बाजूला ठेवला. दुसरा काढला. जळल्याचा वास येत होता. मला वाटलं दूध उतू गेलं. मग मी बाजूला ठेवलेले चेंडू पाहिले. त्यांच्यावरचा रंग फुगून सुटला होता आणि तो पांढरा रंग परबमामांच्या बोटांना चिकटला होता. त्या रंगाबरोबर बोटांचं कातडंही आलं होतं. ते तिसऱ्या चेंडूसाठी हात आत घालत होते.

मी त्यांचं मनगट धरून ओढलं. ते माझ्याकडे चिडून बघायला लागले. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ, दुसऱ्या कुणाचा हात कुणी आणून दाखवावा तसं.

"चटको बसलो ता कळलांच नाय," ते म्हणाले.

अण्णा तूप घेऊन धावला. शेगडीच्या इतकं जवळ ठेवलं तर भाजणारच, असं म्हणत त्यानं बोटांवर तूप लावलं आणि फडकं बांधलं. अण्णाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. माझ्या एका मावसभावाच्या पाठीवर फिकट चट्टा उठला होता, डॉक्टरनं त्यावर टाचणी टोचून पाहिलेली मी बघितली होती आणि मावसभावाला ती कळलीच नव्हती.

व्हरांड्यात आल्यावर परबमामांनी मला सगळं सांगितलं. दिवाळीपासून उजव्या बोटांना काही कळत नव्हतं. मग त्यांनी डावा हात लावला. नाताळपर्यंत तोही मनगटाच्या वरपर्यंत गेला. तेव्हापासून ते नुसते दाबत होते आणि अंदाजानं डब्यांत टाकत होते. कोपराच्या वर एक फिकट डाग होता, तो त्यांनी बाही वर करून दाखवला. रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्यांच्या गावात त्यांचा एक चुलता गावाबाहेरच्या खोपटात राहत असे आणि त्याची भाकरी दगडावर ठेवून माणसं मागे फिरत, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. लहानपणी ती भाकरी त्यांनीही ठेवली होती.

त्यांना एकच मुलगी, सुशीला. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, मुलीला त्यांनीच वाढवलं होतं. मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, माघातला मुहूर्त, तीन आठवड्यांवर आलेला. परबमामा सुट्टीवर बसले तर लोक घरी विचारपूस करायला येणार, डॉक्टरकडे गेले तर चाळीत कळणार, आणि चाळीत कळलं की मुलुंडला कळणार. अशा घरातली मुलगी कुणी करत नाही.

"सुशीचा लगीन होऊ दे भाऊ," ते म्हणाले. "मगे मी आपणच जातंय. कोणी घालवूची गरज नाय."

मी हो म्हटलं. फार विचार करून म्हटलं असं नाही. त्यांच्यासमोर उभा होतो, म्हणून म्हटलं.

पण लोकांच्या तक्रारी थांबवायच्या तर चेंडू बरोबर निघायला हवेत. म्हणून दुसऱ्या दिवसापासून कुणी यायच्या आधी तासभर मी चेंडू दाबायला लागलो. परबमामा समोर बसून विचारत, अंगठा आत जातो का, गेला तर परत ढकलतो का, की तिथेच बसतो. डोळे मिटायला लावत. पहिले दोन दिवस मला सगळे चेंडू सारखेच वाटले. तिसऱ्या दिवशी एक चेंडू इतरांपेक्षा थोडा लवकर दबल्यासारखा वाटला. मी तसं म्हणालो. त्यांनी तो फरशीवर आपटला, आवाज ऐकला आणि पहिल्यांदा मला शाबास म्हटलं. मला फार बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

आता एक सांगायलाच हवं. चेंडू दाबून झाले की मी कचेरीमागच्या नळावर जाऊन लाल कार्बोलिक साबणानं हात धुवायचो. कोपरापर्यंत, दोनदा. तेच चेंडू त्यांनीही हाताळलेले असत. परबमामांना दिसू नये म्हणून मी मागच्या दारानं जायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. मी साबण लावलेले हात घेऊन तसाच उभा होतो, तेवढ्यात परबमामा बादली आणि तांब्या घेऊन आले. त्यांनी मोकळ्या हातालाही फडकं गुंडाळून तांब्या धरला आणि माझ्या हातांवर पाणी घातलं. "नीट धुवा," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरनं मला सांगितलं की हा रोग असा हात लागून होत नाही. तोवर उशीर झाला होता.

स्पर्धेच्या दिवशी मी निवडलेले चेंडू निघाले. परबमामांनीच ते वाटले, पट्टी बांधलेल्या हातानं, प्रत्येकाकडे बघून, त्याच्या फटक्याचा विचार केल्यासारखं करून. बार्टनसाहेब खेळून आला आणि परबमामांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, मधे बिघडला होतास, आता तुझा हात परत आला. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, होय साहेब.

चाळीत हात भाजल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं होतं, त्याचा उलट फायदाच झाला. पट्टी कशाची, हे कुणी विचारेना. लग्नात कन्यादान त्यांच्या धाकट्या भावानं केलं, हात भाजलाय म्हणून. तेही सगळ्यांना पटलं.

लग्नानंतर परबमामा क्लबात आले नाहीत. दोनच दिवसांनी ते आपणहून दवाखान्यात दाखल झाले, भावाला गावी जातो सांगून. तेव्हा नव्या गोळ्या निघाल्या होत्या, रोग बरा होत असे. गेलेली जाण मात्र परत येत नसे. त्यांचा रोग बरा झाला आणि ते गावी गेले, एवढं मला दोन वर्षांनी कळलं. मी भेटायला गेलो नव्हतो. कामं होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यांच्या जागी क्लबानं कुणाला ठेवलं नाही, थंडीत चेंडू मीच दाबून देत असे. मला त्या दिवसांत कसलंच दुःख झाल्याचं आठवत नाही. सायकल मारायची, यादी करायची, चेंडू दाबायचे.

तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लग्नाच्याच दिवशी. घाटकोपरला त्यांच्या चाळीच्या पटांगणात मांडव होता. जेवणं झाली, ऊन कलायला लागलं आणि वऱ्हाड निघायची घाई सुरू झाली. रस्त्यावर लॉरी उभी होती. मी परबमामांच्या शेजारी उभा होतो. सुशीला सगळ्यांच्या पाया पडत आली, वडिलांच्या पाया पडली, पण मागून बायकांचा लोंढा आला आणि तिला कुणीतरी पुढे नेलं. परबमामा रुखवताचं सामान लॉरीत चढवणाऱ्यांना हाका मारून सांगत होते, समई आडवी ठेवू नका, तेल सांडेल. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

ती बायकांतून परत आली. तिनं मागून त्यांचा हात धरला, पट्टी नसलेला, डावा. काही बोलली नाही. तिला रडू आवरत नव्हतं. दोन्ही हातांनी तिनं तो हात घट्ट धरला होता आणि कपाळ त्यांच्या मनगटावर टेकवलं होतं. मी मोजलं नाही, पण चांगला वेळ ती तशी उभी होती. परबमामा समईचं सांगत राहिले. मग नवऱ्याकडची एक बाई आली, तिला खांद्याला धरून घेऊन गेली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. वडील वळून बघत नाहीत, म्हणजे वळले तर त्यांनाही रडू येईल, असंच तिला वाटलं असावं. तसं वाटलं असू दे.

लॉरी निघाली. धूळ खाली बसल्यावर परबमामा माझ्याकडे वळले.

"सुशी गेली?" ते म्हणाले. "नुसती पाया पडली. हात सुद्धा लावून गेली नाय."

आसपास माणसं होती. त्यांचा भाऊ पाच पावलांवर उभा होता. मी हळू आवाजात म्हटलं, "लावला, मामा. बराच वेळ धरून उभी होती."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, एक पट्टीचा, एक मोकळा.

"खयच्या हाताक?" त्यांनी विचारलं.

मी डाव्या हाताकडे बोट केलं. त्यांनी तो वर उचलला. मनगटावर कुंकू लागलं होतं.